आईच्या मणक्यात स्क्रू टाकायचे का? (एल४-एल५ सरकलाय) नाशिककरांनो, अनुभव सांगा

वाड्यातली
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, एरवी मी नुसती वाचनमात्र असते.

आई ६४ वर्षांची. पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो आम्ही, जिना उभा आणि लाकडी. आईने तीसेक वर्षं शिलाई मशीन चालवलं, ब्लाउज आणि फॉल-पिको. कंबर दुखणं जुनंच, त्याचं कोणी काही मनावर घेतलं नाही, तिने स्वतःही नाही. पण गेल्या दिवाळीपासून डाव्या पायात कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत मुंग्या येतात, पाय जड होतो. कारंजापासून गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) दहा मिनिटांत जायची ती आता तीन ठिकाणी बसते. बसली की दोन मिनिटांत बरं वाटतं, उठून चालली की परत तेच.

एमआरआय काढला. त्यात एल४ चा मणका (कंबरेतला चौथा) एल५ वर (त्याच्या खालच्यावर) थोडा पुढे सरकलाय, ग्रेड १, आणि नसांची जागा अरुंद झालीय असं आहे. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले चार स्क्रू, दोन रॉड आणि मध्ये गादीच्या जागी एक केज (छोटा पिंजरा) टाकू. दुसरे म्हणाले एवढं कशाला, छोटा काप घेऊन मागच्या बाजूला स्पेसर बसवू, दोन दिवसांत घरी. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, वजन कमी करा, घाई नको.

तिघंही चांगले, तिघांवरही अविश्वास नाही, म्हणूनच डोकं चालेनासं झालंय. शेजारच्या काकू म्हणतात मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस अंथरुणाला खिळतो. ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी प्लीज लिहा.

सिडकोकर
माझं स्वतःचं झालंय, २०१८ ला. एल५-एस१, चार स्क्रू. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं केलं, पाचव्या दिवशी घरी. अंथरुणाला वगैरे सहसा कोणी खिळत नाही, ते जुन्या काळचं. आज गोल्फ क्लबला रोज चार राउंड मारतो. पण खरं सांगू का, पायातली कळ गेली ती गेलीच, कंबर मात्र अजून पावसाळ्यात बोलते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं पाय बरा होईल, कंबरेचं मी लिहून देत नाही. तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं.

खवचट आजोबा
चार स्क्रू म्हणजे पाना-स्क्रूड्रायव्हरसकट देतात की वेगळं बिल?

वाड्यातली
आजोबा 😄 आईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा हसली या आठवड्यात.

निफाडचा द्राक्षवाला
ताई, माझा अनुभव उलटा हाय. मला २०१६ ला गादी सरकली, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन. उजवा पाय असा धरला की रात्र रात्र बसून काढली. एका ठिकाणी सांगितलं लगेच ऑपरेशन, पैसे भरा. तेव्हा खरड छाटणी तोंडावर, मजूर मिळेना, म्हणून मी म्हटलं महिनाभर थांबू. दोन महिन्यांत आपोआप कमी झालं बघा. आता ट्रॅक्टरवर ब्लोअर घेतलाय, पाठीवर काही घेत नाही. म्हणून मी म्हणतो थांबा. निर्गुडीचा पाला शेकायला लय चांगला.

फिजिओ ताई
द्राक्षवाले दादा, तुमचं बरं झालं हे छानच, पण तुमचं दुखणं वेगळं आणि या काकूंचं वेगळं. तुमची गादी (चकती) बाहेर आली होती. ती बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवतं, बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत फरक पडतो, म्हणून थांबणं योग्यच होतं. काकूंचा मणकाच पुढे सरकलाय आणि नसांचा बोगदा हळूहळू अरुंद झालाय. तो बोगदा निर्गुडीने रुंद होत नाही.

वाड्यातली, एक विचारते. आई भाजीच्या गाडीला किंवा मॉलमधल्या ट्रॉलीला टेकून चालली तर जास्त चालू शकते का?

वाड्यातली
अगंबाई हो! बुधवारच्या बाजारात गाडीवाल्याच्या गाडीवर हात टेकून उभी राहते आणि म्हणते आत्ता बरं वाटतंय. आम्हाला वाटायचं भाव करायला थांबते.

फिजिओ ताई
हेच ते. पुढे वाकलं की मागची जागा उघडते, नसांना श्वास मिळतो, म्हणून बरं वाटतं. ताठ उभं राहिलं की परत चिमटा. म्हणजे आईचा मुख्य त्रास नस दाबल्याचा आहे, नुसत्या कंबरेचा नाही. सिडकोकरांनी वर जे लिहिलंय ते त्यांनी सहज लिहिलं असेल पण या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. हे जे धातूचं सामान टाकतात ते हलणारा मणका स्थिर करायला. नस मोकळी करणं हे वेगळं काम. आणि नुसती कंबर दुखते म्हणून स्क्रू टाकणं हे तिसरंच, त्यात यशाची खात्री सगळ्यात कमी. तुम्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही नक्की काय दुरुस्त करताय, पाय की कंबर.

आणि महत्त्वाचं, लघवी अडकली, किंवा बसायच्या जागेला, मांडीच्या आतून बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेनासं झालं तर मग धागे वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

कॉलेज रोडचा वैताग
मला हे सगळं कमिशनचं वाटतं. माझ्या मावसभावाला ३४ व्या वर्षी स्क्रू टाकले, फक्त कंबर दुखायची, पाय एकदम ठीक. एमआरआयमध्ये "मणक्यात गॅप" आहे म्हणाले. आता आधीपेक्षा जास्त दुखतं आणि डॉक्टर म्हणतात मणक्याची सवय व्हायला वेळ लागेल. सहा वर्षं झाली, किती सवय करायची?

भूलवाले काका
मी तीस वर्षं भूल देत होतो, आता निवृत्त. म्हणजे मी फक्त झोपवलं, जागं केलं आणि मधल्या वेळात सर्जनच्या खांद्यावरून बघितलं. त्यामुळे माझ्या बोलण्याला तेवढंच वजन द्या.

"मणक्यात गॅप" हा शब्द मला आयुष्यात कधीच कळला नाही. गॅप तर असायलाच हवी, तिथेच गादी असते! लोकांना म्हणायचं असतं गादी झिजली. आणि झीज म्हणाल तर ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे तीन हजारांवर रिपोर्ट एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे एमआरआयचा कागद वाचून ऑपरेशन ठरवायला लागलो तर अख्खं नाशिक टेबलावर घ्यावं लागेल. वैताग, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं. नुसत्या कंबरदुखीला फ्यूजन (म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडणं) देऊ नका असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय, द्यायचंच तर संशोधनाच्या चाचणीत द्या म्हणतात. कृत्रिम गादी बसवायलाही तिथे नाहीच.

आता वाड्यातलीच्या आईचं. स्पेसर म्हणजे मागे पाठीवरून हाताला लागतात ना मणक्याची टोकं, त्या दोन टोकांमध्ये एक पाचर बसवायची. तो भाग जरा वाकलेल्या स्थितीत राहतो, भाजीच्या गाडीवर टेकल्यासारखा, कायमचा. कल्पना फार सुंदर. एक्स-स्टॉप नावाचा असा स्पेसर अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाला, खूप गाजावाजा झाला, आणि २०१५ मध्ये बाजारातून गेला. साध्या डीकंप्रेशनशी (म्हणजे ऑपरेशन करून नुसती नस मोकळी करणं) तुलना केली तेव्हा त्रास साधारण सारखाच कमी झाला, पण स्पेसरवाल्यांना परत ऑपरेशन जास्त लागलं. त्यातून मणका सरकलेला असेल तर पाचर तिथे नीट टिकेल याचा भरवसा मला तरी वाटत नाही. नवे प्रकार आहेत, पण दुसऱ्या डॉक्टरांना हे तोंडावर विचारा.

आणि एक चौथा पर्याय तुम्हाला तिघांपैकी कोणीच सांगितलेला दिसत नाही. स्क्रू न टाकता फक्त नस मोकळी करणं.

वाड्यातली
काका, असं असतं?? मला वाटलं सरकलाय म्हणजे स्क्रू लागणारच.

भूलवाले काका
आमच्या काळी तेच शिकवायचे. पण २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनचा म्हणाला नुसतं डीकंप्रेशन आणि डीकंप्रेशन अधिक स्क्रू, दोन्हीचा दोन वर्षांनी निकाल सारखा. अमेरिकेचा, तो फक्त ६६ जणांचा होता, म्हणाला स्क्रूवाल्यांना थोडा जास्त फायदा आणि परत ऑपरेशन कमी. मग २०२१ मध्ये नॉर्वेचा आला, २६७ पेशंट, सगळे मणका सरकलेलेच. तिथेही नुसतं डीकंप्रेशन कमी पडलं नाही. म्हणजे सर्जन लोकांचं भांडण अजून मिटलेलं नाही, तुमच्या तीन डॉक्टरांचं एकमत होत नाही यात नवल नाही.

फक्त यात एक मेख आहे. सरकलेला मणका जागेवर गप्प बसलाय की वाकल्यावर हलतो, हे बघावं लागतं. एमआरआय झोपवून काढतात, झोपल्यावर मणका गुपचूप मागे जातो. उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून साधे एक्सरे काढलेत का? काही शे रुपयांचं काम आहे.

वाड्यातली
नाही काढले. कोणी सांगितलेच नाहीत. की सांगितले आणि आम्ही फाईलच्या गडबडीत विसरलो देव जाणे. उद्याच काढते.

अंबड सीएनसी
अवांतर लिहितो, पण स्क्रूचा विषय निघालाय आणि राहवत नाही. मी टायटॅनियमवर काम केलंय (मणक्याचे स्क्रू नाही, दुसरे पार्ट). ज्याला ग्रेड ५ म्हणतात त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. मशीनला लय त्रासदायक, उष्णता बाहेर सोडत नाही, सगळी टूलच्या टोकावर, टूल खाऊन टाकतं. बारीक चिप्स पेटतात पण. पण शरीरात गंजत नाही आणि हाड त्याला धरतं, म्हणून वापरतात. केज दोन प्रकारचे, टायटॅनियम आणि पीक नावाचं प्लास्टिक. पीक एक्सरेत दिसत नाही, त्यामुळे आत हाड जुळलं का ते दिसतं. आजोबा, पाना वेगळाच असतो, त्याचं टोक स्क्रूच्या डोक्याशी मॅच व्हावं लागतं. म्हणून डिस्चार्ज पेपरबरोबर इम्प्लांटचे स्टिकर लावून घ्या, कंपनी, साइज, लॉट नंबर. पुढे कधी काढायचे झाले तर कुठला पाना मागवायचा ते तरी कळेल.

खवचट आजोबा
म्हणजे माझा प्रश्न अगदीच फालतू नव्हता.

रविवार कारंजा
आमच्या काकांच्या कमरेत सहा स्क्रू आहेत. ओझर विमानतळावर मोठ्या तयारीने डॉक्टरांचं पत्र हातात घेऊन उभे होते, मशीन वाजलंच नाही. इतके हिरमुसले! गार्डला स्वतःहून सांगत होते, "अहो नीट बघा, आत आहेत."

सिडकोकर
😂😂 माझंही वाजत नाही. एमआरआयसुद्धा करता येतो नंतर, फक्त स्क्रूच्या आसपासचं चित्र फाटतं.

कोणीतरी खर्चाचं विचारेल म्हणून लिहितो. कोटेशनमध्ये "इम्प्लांट" अशी एकच ओळ असेल तर स्क्रू किती, रॉड किती, केज किती, देशी की इम्पोर्टेड हे फोडून मागा. स्टेंट आणि गुडघ्याला सरकारने २०१७ मध्ये किंमत बांधून दिली ते आपल्याला माहीत असतं, म्हणून वाटतं सगळीकडेच तसं असेल. माझ्या वेळी दोन हॉस्पिटलच्या इम्प्लांटच्या आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक होता. आणि पॉलिसी नवी असेल तर बघा, बहुतेक पॉलिसीत गादी-मणक्याच्या आजाराला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, अपघात सोडून.

इंदिरानगर
मुंबईला का नाही जात? मोठी हॉस्पिटलं, मोठी नावं.

वाड्यातली
हा वाद घरात रोज होतो. भाऊ ठाण्याला असतो, तो म्हणतो इकडे आण.

रविवार कारंजा
इंदिरानगर, ऑपरेशन करून येताना कसारा घाट आणि पुढे हायवेचे खड्डे, ताज्या टाक्यांवर? माझ्या सासूबाईंना आणलंय तसं, गाडीत आम्हीच रडायला आलो होतो. आणि टाका ओला झाला, ताप आला तर रात्री दोनला कोणाकडे जाणार? नाशिकलाच करा, हे काम इथे रोज होतं.

इंदिरानगर
दोन टाके ओले होतील म्हणून सर्जन निवडायचा नाही असं माझं मत. असो. ज्याचा त्याचा प्रश्न.

निफाडचा द्राक्षवाला
काकांचं वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. पण एक विचारायचंय, स्क्रू टाकल्यावर वरचा मणका जातो म्हणतात ते खरं का? आमच्या गावात एकाचं पाच वर्षांनी वरचं परत करावं लागलं.

फिजिओ ताई
होतं काही जणांना. दादा, तुम्हाला द्राक्षाच्या मांडवाचं उदाहरण देते. एक अँगल सिमेंटमध्ये घट्ट केला आणि वाऱ्यात मांडव हलला, तर ताण कुठे जातो?

निफाडचा द्राक्षवाला
शेजारच्या अँगलवर. समजलं समजलं. २०१९ च्या अवकाळीत आमचा असाच गेला, एक पक्का आणि बाकीचे आडवे.

फिजिओ ताई
बरोब्बर. जो सांधा बांधला तो हलायचा थांबतो, त्याच्या वाटणीचं हलणं वरच्या-खालच्या सांध्यांवर येतं. प्रत्येकाचं होतं असं नाही, आणि वयानुसार झीज तशीही होतेच, त्यामुळे सगळं खापर स्क्रूवर फोडता येत नाही. पण म्हणूनच गरज नसताना बांधायचं नाही.

अजून एक. स्क्रू हे कायमचा भार घ्यायला नसतात. स्लॅब पक्का होईपर्यंत खाली सेंटरिंग ठेवतो ना, तसं ते. खरं काम दोन मणक्यांमध्ये हाड जुळण्याचं, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलंच नाही तर आज ना उद्या स्क्रू ढिला होतो किंवा रॉड तुटतो. म्हणून वाड्यातली, दोन गोष्टी विचारते, आईची हाडं ठिसूळ आहेत का (डेक्सा केलंय?) आणि साखर किती? आणि रागावू नका, तंबाखू किंवा मिश्री?

वाड्यातली
साखर आहे, गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.९ आली होती. डेक्सा नाही केलेलं.

आणि मिश्री... आहे. सकाळ-संध्याकाळ. लहानपणापासून. डॉक्टरांनी "व्यसन काही?" विचारलं तेव्हा आईने ठामपणे "नाही" सांगितलं आणि मी पण गप्प बसले, कारण आमच्या घरात मिश्रीला कोणी व्यसन म्हणतच नाही हो.

भूलवाले काका
हे सर्जनला सांगा. निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो, मग ते सिगारेटमधून येवो की मिश्रीच्या डबीतून. भूल देणाऱ्यालाही सांगा, तो रागावत नाही, आम्हाला रागवायला वेळच नसतो. माझ्या अनुभवात नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या आज्या "नाही" म्हणायच्या आणि उशीखाली डबी सापडायची.

खवचट आजोबा
माझ्या बायकोची डबी देवघरात असते. देवसुद्धा साक्षीला येत नाही.

कॉलेज रोडचा वैताग
मी वर जरा तोडून बोललो. भावाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला मला कोणीच विचारलं नव्हतं पाय दुखतो की कंबर. आता एका ठिकाणी व्यायाम सुरू केलाय, बघू.

वाड्यातली
(तीन आठवड्यांनी) अपडेट द्यायला आले, कोणी अजून वाचतंय का माहीत नाही.

वाकून-झुकून एक्सरे काढले. मणका जवळजवळ हलत नाहीये, जिथे सरकलाय तिथेच ठाण मांडून बसलाय. डेक्सामध्ये हाडं ठिसूळच निघाली, त्याची औषधं सुरू झाली. ते रिपोर्ट घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो, म्हणजे ज्यांनी चार स्क्रू सांगितले होते त्यांच्याकडेच. मला वाटलं चिडतील. उलट एक्सरे लाईटवर लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, हे आधी असतं तर मी वेगळं बोललो असतो. या हाडात स्क्रूची पकडही कमीच मिळेल. आता म्हणतात नुसती नस मोकळी करून बघू. पण नस बाहेर पडते तिथला बारका सांधा जास्त काढावा लागला तर मात्र मणका सैल होईल, मग स्क्रू टाकावेच लागतील, आणि ते आत उघडल्यावरच कळेल. म्हणून संमती दोन्हीची घेणार आणि स्क्रूचा सेट बाहेर तयार ठेवणार, वापरला नाही तर त्याचं बिल नाही, हे मी कागदावर लिहून घेतलंय (सिडकोकर, थँक्यू).

मला हे "उघडल्यावर कळेल" अजिबात आवडलं नव्हतं. घरी येऊन आईला समजावायला बसले तर ती म्हणाली, त्यात काय, ब्लाउज उसवल्याशिवाय आतलं अस्तर कुठवर फाटलंय ते कुठे कळतं.

साखर सातच्या खाली आणायला सांगितलीय, म्हणून तारीख दोन महिन्यांनंतरची. तोवर फिजिओ चालू आहे. मिश्रीची डबी माझ्या कपाटात आहे, दुसरी कुठे आहे का ते शोधतेय.

खवचट आजोबा
देवघर बघा.

वाड्यातली
आजोबा!!! होती!!!!

भूलवाले काका
वेगळं बोलतो म्हणणारा सर्जन मिळाला, तो सोडू नका. उभा जिना आहे म्हणालात, त्याचं काय करणार?

वाड्यातली
महिनाभर खालच्या खोलीत झोपवणार, भाडेकरू काकांनी स्वतःहून दिली. पण खाली संडास देशी आहे, त्याचंच टेन्शन. उंच खुर्ची भाड्याने कुठे मिळते कोणाला माहीत आहे?

निफाडचा द्राक्षवाला
भाड्याने कशाला घेता. माझ्या वडलांची कमोडची खुर्ची माळ्यावर पडून हाय, धुऊन ठेवतो. गुरुवारी पंचवटीत मार्केट यार्डाला गाडी येते, व्यनि (खाजगी निरोप) करा, ड्रायव्हर वाड्याच्या दारात टाकून जाईल.